आभाळातून बाराशे किलोमीटर

चेन्नईचं नाव निघालं आणि माझ्या सुनेने, धनश्रीने, पेन खाली ठेवलं.

परवा पलसाण्याच्या हायवेवर कुंदनची मोटरसायकल घसरली. माझा एकुलता एक. काल डॉक्टरांनी दोनदा तपासलं नि सांगितलं, मेंदू गेलाय, मशीनमुळे छाती हलते तेवढीच. डोळे, किडनी द्यायला धनश्री तयार झाली. काळीज मात्र चेन्नईच्या कुणासाठी हवं होतं.

"कितला येळ लागी?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"काढल्यापासून चार तासांत बसवावं लागतं, काका." प्रियांका म्हणाली. दवाखान्यात अवयवदानाचं तीच बघते.

"चार तास? पोरी, मी जायेल शे तठे. नवजीवन गाडीले दीड दिन लागस! चार तासमा निस्तं अमळनेर येस, अमळनेर!"

"विमानाने न्यायचंय, काका."

"इमानले बी रस्ता तितलाच ना?"

धनश्रीने माझा हात धरला. "आत्या, वाटेत नासलं तर? त्यांना कापायचं आणि तेही फुकट? मी नाही सही करत."

सकाळचे साडेआठ झाले होते. सही झाल्याशिवाय काळीज न्यायला तिकडचे डॉक्टर निघणार नव्हते. नऊनंतर उशीर होईल, असं प्रियांका दोनदा बोलली.

चार माणसांत मी सहसा बोलत नाही. पण आमच्यात विमानात बसलंय कोण? प्रियांकाला म्हटलं, "बाळ, दारापासून दारापर्यंत फोडून सांग."

तिने कागदावर लिहिलं. विमानतळापर्यंत वीस मिनिटं. आभाळातून सरळ बाराशे किलोमीटर, दोन तास; रेल्वे वळसे घेत जाते. तिकडे पंधरा मिनिटं. शिवायला तासभर.

"पंचवीस मिनिटं उरतात," धनश्री म्हणाली. "आणि इथेच गाय आडवी आली तर?"

"प्रत्येक नाक्यावर पोलीस असतील. सगळं ट्रॅफिक थांबवतात."

"ह्यांच्यासाठी?"

"कुंदनभाईंसाठीच."

"मागच्या महिन्यात त्यांनीच पावती फाडली होती ह्यांची," धनश्री म्हणाली, आणि सही केली.

दुपारी एक वाजता काळीज घेऊन पेटी निघाली. बाहेर शिट्ट्या वाजल्या, मग एकदम शांत. मी माळ घेऊन बसले. मणी सरकत होते, नाव काही ओठांवर येत नव्हतं. पावणेचारला निरोप आला, पोचलं. त्यानंतर काहीच नाही. साडेचार झाले. पाचही वाजून गेले. हे उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. प्रियांका आमच्याकडे बघेना.

पाच वीसला तिचा फोन वाजला. ऐकता ऐकता ती खालीच बसली.

"चालू झालं, धनश्रीबेन. चार पन्नासलाच. ते कळवायला विसरले."

"कुणाला बसवलं? बाई आहे की माणूस?"

"ते सांगता येत नाही."

धनश्रीने मान हलवली. पदराने तोंड पुसलं.

"चला आत्या, आता ह्यांना घरी नेऊ."

तो फोन येईपर्यंत दोन तास तिने शववाहिका दारातच थांबवून ठेवली होती.