श्वासाची खूण

स्तानाने सातवा फर्मा खुंटीवरून उतरवला, कमरेच्या फडक्याने त्यावरची धूळ पुसली आणि दोन्ही हातांनी ग्रगूरकाकांपुढे धरला.

"हे माझ्या बापाचं. आता तुमचं."

"घेतलं," ग्रगूरकाका म्हणाले. त्यांनी फर्मा कपाळाला लावला आणि मागच्या फळ्यांच्या रांगेत उभा केला.

व्हालेनाच्या गोदीत जहाज कधी कागदावर काढत नसत. जहाजाच्या प्रत्येक बाकाचा, प्रत्येक बरगडीचा लाकडी फर्मा, म्हणजे मापाची फळी, असे आणि ज्याने तो कापला त्याच्याच भिंतीवर तो टांगलेला असे. मिस्त्री गेला की चाळीस दिवस त्या भिंतीला कुणी हात लावायचा नाही. चाळिसाव्या दिवशी घरच्या माणसाने फर्मे एकेक करून उतरवायचे आणि पुढच्या मिस्त्रीच्या हाती द्यायचे. घरच्याने जो दिला नाही तो डांबराच्या कढईखाली जाळायचा. तो हक्क आजवर कुणी वापरल्याचं मात्र स्तानाने ऐकलं नव्हतं.

खिडकीच्या कट्ट्यावर बसून बेनेतो मधातले गहू खात होता. चाळिसाव्याचे गहू आल्यागेल्या प्रत्येकाला द्यावेच लागतात, म्हणून स्तानाने त्यालाही वाडगा दिला होता. तो थोरांच्या सभेचा माणूस. वसंतापर्यंत नऊ जहाजं पाण्यात हवीत असा सभेचा हुकूम होता आणि ही भिंत रिकामी होईपर्यंत एकाही जहाजाचं काम पुढे सरकणार नव्हतं.

"ग्रगूर, तू असाच घेत राहिलास तर हिचा बाप, रादोवान मिस्त्री, कंटाळून थडग्यातून उठेल आणि स्वतःच सगळे देऊन टाकेल."

"सभेला घाई असेल तर सभेने येऊन ओंडके वाहावेत," ग्रगूरकाका मागे न बघता म्हणाले. "तुमच्यातले निम्मे चार पायऱ्या चढले तरी धापा टाकतात."

बेनेतो हसला. "म्हणून तर जहाजं बांधून घेतो. गहू मस्त झालेत हं, पोरी. तुझ्या आईच्या हातचे असेच असायचे."

"आई गेली तेव्हा मी दोन वर्षांची होते, साहेब. हे गहू बाबाच करायचे. त्यांनीच मला शिकवलं."

बेनेतोने वाडग्यात पाहिलं, उरलेले दोन घास खाल्ले आणि ओंडके बघायला म्हणून तो जिना उतरून गेला.

भिंत रिकामी झाली. स्ताना हात झटकत होती, पण ग्रगूरकाका जागचे हलले नाहीत.

"झालं ना, काका?"

"दाराच्या मागं एक आहे."

दाराच्या मागे, खांद्याएवढ्या उंचीवर, एक खुंटी होती. तिच्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी अडकवलेलं होतं. स्तानाने दोरी सोडली. आत अक्रोडाची फळी होती. या गोदीत ओक आणि देवदार सोडून दुसरं लाकूड वापरत नसत. अक्रोड महाग, शिवाय पाण्यात त्याचा काही उपयोग नाही. ही फळी साधारण तिच्या छातीपर्यंत उंच होती. वरच्या टोकाला गोलसर, मग खांद्यांना रुंद, खाली निमुळती. दोन्ही कडा मेणाने घासून गुळगुळीत केलेल्या.

तिने फळी उभी धरली आणि तिला माळ्याची जमीन आठवली.

ती तेव्हा नऊ वर्षांची होती. बाबांनी तिला इथेच, आखणीच्या फळ्यांवर, उताणं झोपवलं होतं. हात अंगाला चिकटव, म्हणाले. चाकूचं टोक तिच्या भोवतीने फिरलं. काखेजवळ आलं तेव्हा तिला गुदगुल्या झाल्या आणि ती वळवळली. हलू नकोस, राजा. आता श्वास घे, भरपूर. त्यांनी एक खूण केली. आता सोड, सगळा सोड. त्यांनी दुसरी खूण केली. कशासाठी, असं तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले, एका मोठ्या जहाजात तुझा पलंग करतोय. त्यानंतर दोन वर्षं नवं जहाज पाण्यात उतरलं की ती विचारायची, यात आहे का माझा पलंग? एकदा बाबा उठून गेले. मग तिने विचारणं सोडलं.

तिने कोपऱ्यातला भुसा पायाने सारला. चाकूची रेघ अजून तिथे होती. मध्ये घाण साचून ती काळी झाली होती.

"काका, हे कशाचं माप आहे?"

ग्रगूरकाका ओंडक्यावर बसले.

"आधी वल्ह्यांसाठी माणसं विकत आणायचे, उत्तरेच्या नदीमुखांकडून. तू लहान होतीस तेव्हा वर्षाला एखादं जहाज. त्यांना मिठाच्या पोत्यांवरच बसवून आणत. मग उसाची बेटं सभेच्या हातात आली आणि बायकाही लागल्या. मग मधे एक मजला टाकला. मग दोन टाकले." त्यांनी बोटांवरचं डांबर नखाने खरवडलं. "मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की लहानांना जागा कमी लागते. आणि ती लवकर शिकतात. तेव्हा सभेने तुझ्या बापाला लहानांचा फर्मा मागितला, मजल्यावर एका पोराला निजायला लागेल तेवढ्या जागेचा."

"आणि त्यांनी माझं माप दिलं."

"फर्मा जिवंत अंगावरून घ्यायचा असतो, आणि घरच्याच. नाहीतर जहाज बुडतं. तुला माहितीये."

तिला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. नांगराच्या खोबणीसाठी मिस्त्री स्वतःच्या मुठीचं माप घेई, सुकाणूच्या दांड्यासाठी बायकोच्या हाताचं. उत्तरेकडून जहाज आलं की व्हालेनातले लोक समुद्राकडच्या खिडक्या लावून घेत, तीन दिवस उघडत नसत, हेही तिला माहीत होतं. त्या तीन दिवसांत ती धान्य निवडत बसे. कुठल्याही घरी गेलं की चुलीपाशी एखादी नदीकडची पोर दिसे. आमच्या घरात विकत घेतलेलं माणूस नाही, असं ती चारचौघांत सांगायची. सांगताना तिची मान ताठ व्हायची. बाबा त्या वेळी खाली बघत. तिला वाटे, ते संकोचतात.

"बुडालं का एखादं?" तिने विचारलं.

"एकही नाही."

तिने फळी उजेडात धरली. खांद्यांच्या खाली, दोन्ही कडांना, दोन दोन बारीक खाचा होत्या. बाहेरची एक, आतली एक. मधे दोन बोटांचं अंतर. फळी बाहेरच्या खाचेवर कापलेली होती.

"श्वास घेतलेली खूण," ग्रगूरकाका म्हणाले. "सभेला आतली हवी होती. तुझा बाप तीन वेळा सभेत जाऊन भांडला. झोपलेलं पोर श्वास घेणारच, म्हणाला. या गोदीपुरतं त्यांनी ऐकलं. पण नमुने अकरा गोद्यांत गेलेत, पोरी. त्यानेच कापून दिले, हुकूमच तसा होता. बाकीच्यांनी आपापला नमुना तासून आतल्या खुणेवर आणला. कुणी कुणी तर त्याहून आत."

स्तानाला वडिलांचा शेवटचा महिना आठवला. त्यांची छाती भरली होती, पण अंथरुणाला भिंत लागलेली त्यांना चालत नसे. पलंग खोलीच्या मध्यावर ओढून घ्या, म्हणायचे. दोन्ही हात पसरून पडायचे. शेवटच्या दुपारी त्यांनी तिच्या बरगड्यांवर पंजा ठेवला आणि म्हणाले, घे. पूर्ण घे. तिला वाटलं, तहानेने बरळतायत. ती पाण्याचं भांडं आणायला उठली. परत आली तेव्हा ते गेले होते.

"मी ही देणार नाही," ती म्हणाली. "कढईखाली घालते."

"हक्क आहे तुझा."

"मग असे का बघताय?"

ग्रगूरकाकांनी उत्तर द्यायच्या आत बेनेतो जिना चढून वर आला. त्याने फळी पाहिली, स्तानाचा चेहरा पाहिला आणि टोपी काढून हातात घेतली.

"अच्छा. ही तीच तर. तुझी आहे म्हणे." त्याचा आवाज सौम्य होता. "हे बघ, जाळायची असेल तर खुशाल जाळ. रिवाज म्हणजे रिवाज. मी सभेत तुझ्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. शेजारच्या गोदीतून त्यांची मागवतो. दुपारपर्यंत येईल."

"त्यांची यापेक्षा चार बोटं अरुंद आहे," ग्रगूरकाका म्हणाले. ते कुणाकडेच बघत नव्हते.

खाली कुणीतरी ओंडका टाकला. माळा थरथरला, भुशाचा एक लोट उठला आणि पुन्हा खाली बसला.

स्तानाने फळी भिंतीला टेकवली. मग बाबांच्या पेटीतून तिने त्यांचा चाकू काढला, जमिनीवर बसली आणि फळी मांडीवर आडवी घेतली. बाहेरच्या दोन्ही खाचा तिने खोल केल्या, पुन्हा पुन्हा, पातं रुतेपर्यंत. अक्रोड कठीण असतं. तिच्या अंगठ्याला चीर पडली. रक्त खाचेत उतरलं आणि लाकडाने ते लगेच पिऊन टाकलं.

ती उठली. फळी दोन्ही हातांनी पुढे केली. बाकीच्या फर्म्यांसाठी म्हटलेले शब्द तिच्या तोंडून निघाले नाहीत.

"हे माझं," ती म्हणाली. "आता तुमचं. बाहेरच्या खुणेवर, काका."

ग्रगूरकाकांचे ओठ हलले. 'घेतलं' म्हटल्याशिवाय फर्मा पुढच्या मिस्त्रीचा होत नाही.

"घेतलं."

त्यांनी फळी कपाळाला लावली नाही. छातीशी धरून ते जिना उतरले. त्यांच्या मागोमाग बेनेतो उतरला. जाताना त्याने रिकामा वाडगा तिच्या हातात दिला.

"देव बाबांना शांती देवो, पोरी. चांगला माणूस होता. जरा हट्टी होता, एवढंच."

माळ्यावर ती एकटीच राहिली. तिने वाडगा रिकाम्या भिंतीपाशी ठेवला. खुंट्यांखाली फर्म्यांच्या आकाराचे फिकट डाग उरले होते. धूर तेवढ्या जागी पोचला नव्हता. ती कोपऱ्यात गेली आणि चाकूच्या रेघेच्या आत आडवी झाली. पाय गुडघ्यात दुमडावे लागले. हात तिने अंगाला चिकटवले.

खालून बेनेतोचा आवाज आला. बोलणं कळत नव्हतं, नुसता समजावणीचा सूर येत होता. ग्रगूरकाका काहीतरी एकच शब्द म्हणाले, मग तोच पुन्हा म्हणाले. मग बेनेतो बोलत राहिला आणि ग्रगूरकाका बोलायचे थांबले.

याच माळ्यावर ती लहानाची मोठी झाली होती. रंध्याच्या आवाजावरून ती लाकूड ओळखत असे. बाबा डोळे मिटायला सांगून खाली रंधा चालवायचे आणि ती वरून ओरडायची, ओक! देवदार! ओकाचा आवाज जाडा, देवदाराचा मऊ.

आता खालून रंध्याचा जो आवाज आला तो ओकाचा नव्हता, देवदाराचाही नव्हता; तो कोरडा होता, बारीक आणि जवळजवळ गोड. एक फेर. दुसरा. मग फळी उलटी करून दुसऱ्या बाजूने पहिला.

आपण श्वास धरून पडलोय हे तिच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. तिने तो सोडला, सगळा.

खाली रंधा थांबला.

"आता बसेल," बेनेतो म्हणाला.