नागरिकांसाठी खुर्च्या

आरोग्य मंडळाची सभा सर्वांसाठी खुली असते, हे मला डायलिसिस केंद्रातल्या नर्सनं सांगितलं. "ताई, उद्या आपलं केंद्र बंद करायचा विषय आहे. कुणीतरी जाऊन बोला." कुणीतरी म्हणजे मीच. बाकीच्यांना जिना चढवत नाही, आणि आमचे हे तर पहिल्याच पायरीवर बसले. दुसरं केंद्र चार तासांवर आहे. आठवड्यातून तीनदा तिकडे जाणं-येणं यांच्या अंगाला झेपणारं नाही. केंद्र बंद झालं की हे गेले, इतकं ते सरळ होतं.

सभागृहात नागरिकांसाठी खुर्च्यांची अख्खी रांग होती. नव्याकोऱ्या, वरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. मी बसले तसा चर्रर्र आवाज झाला आणि सगळे सदस्य वळून बघायला लागले. अध्यक्षांची कळी खुलली. "वा! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी नागरिक आलंय. ताईंना पाणी द्या." आणि मला, मूर्ख बाईला, बरं वाटलं.

विषय निघाला तशी मी उठले. सचिव जवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, बसायला मुभा आहे, बोलायला नाही. प्रश्न आठवडाभर आधी लेखी द्यावा लागतो."

"अहो, पण विषयांचा कागद तुम्ही दारावर कालच लावलात!"

"नियम आहे. मध्ये बोललात तर बाहेर जावं लागेल."

बाहेर गेले तर ऐकायलाही मिळणार नाही, म्हणून खाली बसले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी शिवणकाम करते. एक बाही बेतायला मला त्यांच्या त्या चर्चेहून जास्त वेळ लागतो. एकानं यंत्रं कुठे ठेवायची ते विचारलं, दुसऱ्यानं जांभई दिली, आणि सगळ्यांचे हात वर झाले.

मग अध्यक्षांनी सचिवांना नोंद सांगितली, खणखणीत आवाजात. "सभा खुली होती. नागरिक उपस्थित होते. त्यांच्याकडून हरकत आली नाही."

"आहे! माझी हरकत आहे!" मी ओरडले.

"ताई, सभा संपली," अध्यक्ष म्हणाले, अगदी मायेनं. "पुढच्या वेळी नक्की या."

खाली हे भिंतीला टेकून बसले होते. माझा चेहरा बघूनच काय ते समजले.

"जाऊ दे गं. तू गेली नसतीस तरी त्यांनी बंदच केलं असतं."

"केलं असतं," मी म्हटलं. "पण तुमच्या मरणाला माझी संमती होती, असं तरी लिहिलं नसतं."