नॅडीन आरशात दिसेना

"घर म्हणजे माणसाने स्वतःच स्वतःला ठोठावलेली जन्मठेप आहे!" अशी घोषणा वेंडेल क्रूसने चार वर्षांपूर्वी, ओहायोतलं घर विकून, अख्ख्या गल्लीला साक्षी ठेवून केली. मग पिकअपमध्ये बसून, मागे राहायचा तीस फुटी ट्रेलर ओढत तो विशाल जगाच्या दिशेने निघाला. विशाल जगाच्या आधी मिसेस पेटिबोनची टपालपेटी लागली. ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्याने ती खांबासकट उपटली, आणि मुक्त आयुष्याचा पहिला दिवस नवराबायकोने मिसेस पेटिबोनच्या दारात सिमेंट कालवण्यात घालवला.

नॅडीनला तेव्हाच परत फिरावंसं वाटलं होतं. पण घर विकलेलं होतं आणि नवे मालक खिडकीतून बघत होते.

त्यानंतर सत्तेचाळीस राज्यं झाली. ट्रेलरच्या दारावर देशाचा कोरा नकाशा होता. एखाद्या राज्यात जाऊन आलं की त्या राज्याचा रंगीत तुकडा तिथे चिकटवायचा. ट्रेलरवाल्या सगळ्यांच्याच दारावर असा नकाशा असतो, पण वेंडेलचा नियम कडक होता: त्या राज्यात रात्रभर झोपलं पाहिजे. नुसतं जेवलं, पेट्रोल भरलं, पाय मोकळे केले, हे चालायचं नाही. ऱ्होड आयलंड तर एवढंसं, की झोपेत कूस बदलली तर आपण पलीकडे कनेटिकटात जाऊ आणि मोजणी फुकट जाईल, या धास्तीने तो रात्रभर उताणा पडून राहिला होता. अलास्का फार लांब म्हणून आणि हवाईला रस्ता जात नाही म्हणून त्याने ती दोन्ही देशातून वगळली होती. आता आयडाहो तेवढं राहिलं होतं.

आयडाहो झालं की संपलं, या एका आशेवर नॅडीन दिवस ढकलत होती. पण आज सकाळी पलंगाखालच्या कप्प्यात टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या शोधताना तिच्या हाताला दुसरंच एक भेंडोळं लागलं. उलगडून बघते तर कॅनडा. कोराच्या कोरा.

तिने ते होतं तसं गुंडाळून ठेवलं आणि दिवसभर काही बोलली नाही. वायोमिंगमधला सरळसोट रस्ता आणि ट्रेलरला आडवा मारणारा वारा यांच्यात तसंही बोलण्यासारखं काही नव्हतं. आज सांगायचं, एवढंच ती मनाशी घोकत होती. आज नाही सांगितलं तर आपला उरलेला जन्म मॅनिटोबात जाणार.

चारच्या सुमाराला ते ट्रेलरवाल्यांच्या मुक्कामाच्या तळावर पोचले. त्यांची जागा एकतीस नंबरची, दोन झाडांच्या मधली. ट्रेलर मागे घेत घेत तिथे बसवायचा होता. तळावर करमणुकीचं दुसरं साधन नसल्यामुळे, कुणी ट्रेलर मागे घ्यायला लागलं की आजूबाजूचे लोक घडीच्या खुर्च्या बाहेर काढतात. तशा त्या निघाल्या. तीस नंबरचा रोस्को नावाचा ढेरपोट्या गृहस्थ बायकोला घेऊन पहिल्या रांगेत बसला. बायकोच्या मांडीवर चिप्सची पिशवी होती.

नॅडीन मागे जाऊन उभी राहिली आणि हात हलवू लागली. डावीकडे. अजून डावीकडे. थांब. मागे घेताना एकच कायदा होता: बायको आरशात दिसेनाशी झाली की ब्रेक दाबायचा. टेनेसीत एका कुटुंबाची शेगडी, वरच्या सॉसेजसकट, चाकाखाली गेल्यावर हा कायदा झाला होता.

पहिल्यांदा ट्रेलर वाकडा गेला. दुसऱ्यांदा जास्त वाकडा. तिसऱ्यांदा वेंडेलने गाडी पुन्हा पुढे घेतली, तेव्हा नॅडीनचा वर केलेला हात आपोआप खाली आला. खांदा ठणकत होता. ती शांतपणे चालत जाऊन एकतीस नंबरच्या लाकडी बाकावर बसली.

ब्रेक करकरला. ट्रेलर रस्त्यात आडवा.

"नॅडीन! दिसत नाहीयेस तू!"

"माहितीये."

"मग दिस ना!"

"नाही."

"अहो, डावीकडे घ्या, डावीकडे!" रोस्को ओरडला.

"तू गप्प बस," त्याची बायको म्हणाली. "त्यांचं दुसरंच काहीतरी चाललंय."

वेंडेल खाली उतरला. "पाय दुखतोय का?"

"सगळंच दुखतंय. कॅनडा बघितला मी."

वेंडेलने टोपी काढली, परत घातली. "तुला सरप्राइज द्यायचं होतं."

"दहा प्रांत, वेंडेल!"

"आणि तीन प्रदेश," तो म्हणाला. पालिकेच्या पाणीखात्यात तीस वर्षं काढल्यामुळे नको तिथे अचूक बोलायची त्याला सवय होती.

"ऐक. उठल्यावर आपण कुठल्या राज्यात आहोत हे मला पाण्याच्या बाटलीवरच्या पत्त्यात वाचायचं नाहीये. आंघोळीला गेल्यावर दर चार मिनिटांनी 'टाकी संपेल' अशी हाक ऐकायची नाहीये. मी आर्डिसकडे चाललेय, आयोवाला. बहीण कधीची बोलावतेय. तू ये, नाहीतर आयडाहोला जा. पण मी आता मागे उभी राहणार नाही."

वेंडेल गाडीत जाऊन बसला. रोस्को मदतीला धावला आणि नॅडीनच्या जागी मागे उभा राहिला. "या... या... या... या..." रोस्को अगदी मनापासून म्हणत राहिला, आणि ट्रेलर विजेच्या खांबापासून वीतभर राहिला तरी त्याच प्रेमळ आवाजात "या" म्हणत होता. वेंडेलने इंजिन बंद केलं. आरशात रोस्को दिसत होता, पोटासह, संपूर्ण.

मग तो उतरून बाकावर नॅडीनच्या शेजारी येऊन टेकला. दोघांच्याही पाठी एकदमच कुरकुरल्या.

"एकच राहिलं होतं गं."

"माहितीये."

"आयडाहोत म्हणा, बटाटेच आहेत."

"बटाटे आयोवातही मिळतात."

"आर्डिसला मी आवडत नाही."

"सवय होते. मला झाली."

वारा सुटला होता. कुणाची तरी रिकामी खुर्ची रस्त्यावरून घरंगळत गेली आणि कुणी उठलं नाही.

"बरं," वेंडेल म्हणाला.

एवढंच. पण एकेचाळीस वर्षांच्या संसारात असं साधं, पुढेमागे काही न जोडलेलं "बरं" नॅडीनने पाचसहा वेळाच ऐकलं होतं. भांडणासाठी तिने दिवसभरात जमवलेली सगळी वाक्यं एकदम बेकार झाली. तिचे डोळे भरून आले. वायोमिंगमध्ये त्याचं खापर वाऱ्यावर फोडता येतं. तिने फोडलं. वेंडेलने तिचा दुखरा खांदा हलकेच चेपायला घेतला, आणि तीस नंबरसमोर चिप्सचा आवाज अदबीने थांबला.

"आजच फोन करते तिला," नॅडीन म्हणाली.

"कर." वेंडेल खांदा चेपत राहिला. "आणि करतेच आहेस, तर तिला एवढं विचारशील? तिच्या दारातलं ते मेपलचं झाड तोडलं तर चालेल का? नाहीतर ट्रेलर आत वळायचा नाही."