निळ्या पाण्याचा निवाडा

गेयामसाला धक्क्याजवळच्या खांबाला बांधलं होतं. तिच्या मांडीवर तापलेल्या कोयत्याचे दोन डाग उठले होते आणि तिसऱ्यासाठी पातं निखाऱ्यात होतं. तरी सगळ्यांची नजर तिच्यावर नव्हती, मोयांगनं उन्हात धरलेल्या लाकडी वाडग्यावर होती.

मोयांग ग्लासमन होता. आमच्या किनाऱ्यावर चेटकीण हुडकून देणाऱ्याला असं म्हणतात. मुखियाचा नातू तापानं गेला म्हणून त्याला बोलावलं होतं.

"आधी घरची माणसं," तो म्हणाला. मुखियाच्या सुनेनं वाडग्यात हात बुडवले. पाणी फिक्या चहासारखंच राहिलं. "सून निर्मळ आहे. आता हिला घ्या," मोयांग म्हणाला.

गेयामसाचे बांधलेले हात पाण्यात दाबले. मोयांगनं मेलेल्यांना हाका मारल्या, पाण्यात बोट फिरवलं, आणि आत दिवा लागावा तसं पाणी निळं पेटलं.

"आत्म्यांना लाच चालत नाही, रडणं चालत नाही," मोयांग म्हणाला. "चालते ती फक्त सुपारी." आणि आत्म्यांच्या वतीनं त्यानं ती स्वतःच तोंडात टाकली.

"मी त्या लेकराला पपई दिली, दादा. दुसरं काही नाही," गेयामसा म्हणाली.

"पपईतूनच घातलं असेल," मागून कुणी बोललं. लोक हसले. तिसरा डाग बसला.

महिन्यापूर्वी याच वाडग्यानं यालिंगला चेटक्या ठरवलं होतं आणि गावानं त्याला कुऱ्हाडींनी तोडलं होतं. ती बातमी वर्तमानपत्रासाठी घ्यायला मी लाए शहरातून होडीनं आलो होतो. सोबत डोरकास अवागासी होती. लाकडाच्या तुकड्यावरून झाड ओळखणं हे तिचं काम. धक्क्यावर एका व्यापाऱ्याचे ओंडके रचले होते. कागदावर ते साधं पांढरं लाकूड होतं. तिला संशय होता की ते नारा नावाच्या महागड्या झाडाचं आहे, तोडून तोडून संपत आलेल्या. या भागात नाराचं रान यालिंगच्या आणि गेयामसाच्या कुळाकडेच उरलं होतं. दोघांनीही ते विकायला नकार दिला होता.

डोरकासनं ओंडक्याची ढलपी काढून पाण्याच्या बाटलीत टाकली होती. तिनं बाटली उन्हात धरली. पाणी निळं झालं होतं. तिनं मोयांगच्या वाडग्याकडे पाहिलं आणि गर्दीत घुसली.

"वाडगा कुठल्या लाकडाचा, भाऊ?"

"आत्म्यांनी दिलाय. बाजूला हो, बाई."

"मग ही बाटली कुणी दिली?" तिनं ती मुखियाच्या हातात ठेवली. "यात कुणी हात घातलेला नाही. नाराचं लाकूडच निळं सोडतं."

"मग सुनेच्या वेळी का नाही सोडलं?" मोयांग हसला. काही लोकही हसले.

डोरकासनं वाडगा हिसकावून नाकाशी नेला. "लिंबू," ती म्हणाली. मासळीवालीच्या टोपलीतलं लिंबू तिनं बाटलीत पिळलं. निळा रंग विझला. मग मुखियाच्या कमरेचा, सुपारीचा चुना ठेवायचा भोपळा मागून तिनं चिमूट चिमूट चुना टाकत बाटली हलवली. निळं पुन्हा पेटलं.

"आता बोटं दाखव, भाऊ."

मोयांगची बोटं चुन्यानं पांढरी होती. इथं सुपारी खाणाऱ्या प्रत्येकाची असतात. म्हणून ती कुणाच्या डोळ्यांत आली नव्हती.

"वाडगा कुणी दिला तुला?" मुखियानं विचारलं.

मोयांगनं व्यापाऱ्याच्या होडीकडे पाहिलं. होडीवरचा माणूस दोर सोडत होता.

पहिली कुऱ्हाड मोयांगच्या खांद्यात बसली. तो कोसळला. मुखियाच्या थोरल्या मुलानं निखाऱ्यातला कोयता उचलला. "चेटक्या हाच. याच्याच बोटानं पाणी पेटलं."

"चुन्यानं पेटलं," डोरकास मध्ये आली. "आत्ताच दाखवलं ना?"

"सरक, ताई."

"नाही सरकत. वाडगा तिच्यासाठी खोटा, तर त्याच्यासाठी खरा कसा?"

"त्यानं आमच्यावर चेटूक केलं नसेल," मुलाचा आवाज चिरकला, "तर यालिंगला मारलं कुणी?"

एका म्हातारीनं गेयामसाचे दोर सोडले होते. गेयामसाला उभं राहता येत नव्हतं.

"तुम्ही," ती म्हणाली.

कोयता वाळूत पडला.

मोयांग वाचला. पोलिसांनी त्याला नेलं, होडीवरच्या माणसाला नेलं आणि मुखियाच्या दोन मुलांनाही नेलं. ओंडके जप्त झाले. मुखियाचा नातू गेला होता तो हिवतापानं. आरोग्य केंद्र गावापासून हाकेच्या अंतरावर आहे, पण त्याला तिथं कुणी नेलं नव्हतं.

या गोष्टीत न समजण्यासारखं काही नाही. लाकूड, लिंबू, चुना आणि ऊन सगळ्या गावाकडे होतं. मोयांगकडे जास्तीची होती ती फक्त गावाची खात्री, की वाडगा हातात मागून घेऊन पाहायचा नसतो. तुमच्यापुढे कुणी असं भांडं धरलं, तर ते आधी हातात मागा. देत नसेल, तर हत्यार खाली ठेवा आणि आजारी पोराला डॉक्टरकडे न्या.