भारोभार

"पाय वर घे की रं! जमिनीला टेकवून देवाला फसवतोस व्हय?" आडतवाल्या मृत्युंजयअण्णांनी दम भरला.

गुळाच्या आडतीतल्या मोठ्या तराजूच्या पारड्यात सिद्धलिंग गुडघे पोटाशी घेऊन बसला. फौजेतला मुलगा सीमेवरून धड परत आला की त्याच्या भारोभार गूळ वाटीन, असा मल्लव्वाचा नवस होता. शुक्रवार पेठेतल्या चुलीपुढे कडक भाकरी थापताना तिने देवाकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. काल तो सुट्टीवर आला होता.

अण्णा ढेपा चढवत गेले. शेवटची ठेवताच सिद्धलिंग झटकन वर गेला. ती काढावी लागली.

"मल्लव्वा, गूळ वाचला की तुझा! तिकडं जेवायला घालत न्हाईत वाटतं पोराला."

मल्लव्वा हसली नाही. पोराच्या मानेजवळ पट्ट्याचा काळा वळ होता. तिने त्यावर बोट ठेवलं. "हे कशानं?"

"ओझं असतंय, अव्वा. गोळ्या लई जड."

"एवढीशी गोळी ती!"

"पितळेची पुंगळी, आत दारू, टोकाला शिसं. एक उचलली तर काय न्हाय. आमी ढिगानं वाहतो."

"मग हलक्या करायच्या की! वाहणाऱ्याचा जीव कुणी बघायचा?" तिला खरंच राग आला होता.

"केल्या होत्या. आता परत जड आल्यात."

"का?"

"हलकी लागली तर माणूस लगेच पडत न्हाय," सिद्धलिंग सहज बोलून गेला. "उठतोय परत. बघत ऱ्हातो आपल्याकडं."

अण्णांच्या हातातली ढेप हातातच राहिली.

"कुणी सांगितलं तुला हे?" मल्लव्वाने विचारलं.

तो साखळीची कडी बोटाने घासत राहिला.

"सिद्धू, केवढा होता?"

"माझ्याच वयाचा असंल."

मल्लव्वा शेजारच्या पोत्यावर बसली. नवस बोलताना पोराच्या समोरही कुणाचा तरी मुलगा उभा असेल, हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

ती म्हणाली, "अण्णा, हा गूळ उतरवा. आणखी एकदा तोलायचं हाय."

"कुणाच्या नावानं?"

"नाव ठावं न्हाय."

"मग वजन किती धरू?"

तिने सिद्धलिंगकडे पाहिलं. खाली उतरायला निघालेला सिद्धलिंग थांबला, आणि मान खाली घालून परत पारड्यात बसला.