हलू नका!

मित्रांनो, मी एक जुना लाकडी कॅमेरा आहे. भोरच्या बाजारपेठेत, शिंप्याच्या दुकानावरच्या माडीत, एका कपाटात माझं बिऱ्हाड आहे. आत्मवृत्त सांगणारे स्वतःचे गुण आधी सांगतात. मी दोष आधी सांगतो, म्हणजे पुढं तक्रार नको. मी मत्सरी आहे.

माझा जन्म पुण्याचा. एका सुतारानं जुन्या सागवानातून माझं अंग घडवलं, चामड्याचा भाता बसवला आणि पितळी कड्यातलं विलायती भिंग माझ्या तोंडावर लावलं. भोरचं संस्थान विलीन झालं त्या साली सावळाराम नावाच्या तरुणानं मला घेतलं. बाकीचं सामान त्यानं एस्टीच्या टपावर टाकलं, पण मला भोरपर्यंत मांडीवर घेऊन आला. हे मी कधीही विसरलो नाही.

माझी कामाची रीत संथ. सावळाराम काळ्या कापडात डोकं घालून माझ्या पाठच्या काचेवर चित्र पाही. त्या काचेवर माणूस उलटा उमटतो, डोकं खाली आणि पाय वर. मग फोटो उमटणारी प्लेट आत सरकवायची, बाहेर येऊन 'हलू नका!' असं ठणकावून सांगायचं, भिंगाचं झाकण काढायचं, एक, दोन, तीन मोजायचं आणि झाकण परत लावायचं. तेवढ्यात कुणी मान वळवली की प्लेट वाया. मामलेदार असो की नवी नवरी, 'हलू नका' म्हटलं की सगळे श्वास धरून उभे राहत. शब्द सावळारामचा होता, पण तो माझ्यासाठी होता.

एकदा हिर्डोशीच्या वरच्या धनगरवस्तीवरून सोजराबाई आपल्या पोराला घेऊन आली. त्याचं नाव हैबती. चौदा-पंधरा वर्षांचं पोर, पहिलीच कुस्ती मारून फेटा मिळवलेला. पण अंगात नुसतं वारं! कधी नाक खाजवी, कधी खिडकीतून एस्टी पाही. दोन प्लेटा फुकट गेल्या. तेव्हा सोजराबाईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"फोटूवालं अण्णा हलू नगं म्हनलं, की शेरडं वाघानं नेली तरी हलायचं न्हाई. कळलं का?"

"व्हय," हैबती म्हणाला, आणि तिसऱ्या वेळी असा उभा राहिला की सावळारामनं तीनऐवजी पाच मोजले. तो फोटो दर्शनी भिंतीवर लागला. येणारा-जाणारा थांबून पाहायचा, आणि माझी छाती, म्हणजे माझा भाता, फुगायचा.

अशा सुखाच्या आठ दिवाळ्या गेल्या. मग तो आला.

झालं असं, की पुण्याच्या एका साप्ताहिकाच्या संपादकांचं पत्र आलं. त्यांना कुस्तीचे फोटो हवे होते. फेटा बांधून उभ्या राहिलेल्या पैलवानांचे नकोत, चालू कुस्तीचे. कामथडीच्या जत्रेतला एक तरी चांगला फोटो पाठवा, पसंत पडला तर जिल्ह्यातल्या सगळ्या खेळांचं काम तुम्हालाच देऊ, पुण्यात राहायला या. सावळाराम पत्र वाचून दोन दिवस हवेत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं एक छोटा कॅमेरा आणला. एका रोलवर बारा फोटो, बोट दाबलं की काम झालं. त्याला पट्टा होता आणि तो सावळारामच्या छातीवर लोंबायचा. गळ्यातला ताईत म्हणतात ना, तो असा! माझं भिंग पुसायचं मऊ फडकं आता त्याच्या सेवेला गेलं. माझ्या भात्याच्या घड्यांत धूळ बसली, आणि सावळारामची बायको कमळाबाई माझ्या डोक्यावर वाळलेल्या कपड्यांची चळत ठेवू लागली.

मित्रांनो, मला तेव्हा एकच हवं होतं. त्या धाकट्याचा फोटो बिघडावा, पुण्याचं काम बुडावं आणि सावळाराम माझ्यापाशी राहावा.

कामथडीला मलाही नेलं, पण पंचमंडळींचा बसून फोटो काढण्यापुरतं. कुस्तीच्या हौद्याच्या कडेला तीन पायांवर उभा राहून मी सगळं पाहत होतो. मोठी कुस्ती लागली ती आता चांगल्या थोराड झालेल्या हैबतीची आणि गुंजवण्याच्या मानसिंगची. हलगी तडतडू लागली. सावळाराम लाल मातीच्या काठावर उकिडवा बसला होता आणि धाकटा खटाखट फोटो घेत होता. अकरा संपले. एवढी धावपळ त्याला पेलणार नाही हे मला दिसत होतं, आणि मी खूश होतो.

तेवढ्यात हैबतीनं मानसिंगच्या कमरेला मिठी घातली आणि त्याला उचलायला घेतलं. आता कुस्ती निकाली होणार! सावळारामजवळ एकच फोटो उरला होता. त्यानं धाकटा डोळ्याला लावला, आणि आठ वर्षांची सवय त्याच्या घशातून ओरडली, "हलू नका!"

एवढ्या गलक्यात ते कुणाला ऐकू जाणार? पण हैबतीला गेलं. तो होता तसा थांबला आणि तोंड वळवून सरळ कॅमेऱ्याकडे पाहू लागला. मानसिंगचा हात त्याच्या मांडीखाली गेला. पुढच्या क्षणी हैबतीची पाठ मातीला लागली. माझ्या काचेवर उलटं दिसत असल्यानं हैबती वर आणि मानसिंग खाली दिसत होता. पण लोकांनी फेटे उडवले ते मानसिंगच्या नावानं.

खरं सांगू? मला पहिल्यांदा आनंदच झाला. धाकटा गळ्यात असताना सावळारामच्या तोंडी माझा शब्द आला होता.

थोड्या वेळानं पाठीची माती न झटकताच हैबती आमच्याकडे आला.

"अण्णा, फोटू नीट आला का? तुमी म्हनला तवा मी जागचा हललो न्हाई."



दुसऱ्या दिवशी रोल धुतला. अकरा फोटोंत नुसते हातापायांचे फराटे. बारावा मात्र लख्ख. मांडीला मानसिंगचा हात, आणि हैबती आज्ञाधारक पोरासारखा समोर पाहतो आहे. असा फोटो संपादकांनी डोक्यावर घेतला असता. सावळारामनं तो पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं, आणि परत फोडलं.

"मी पाडलंय त्याला," तो कमळाबाईला म्हणाला. "ह्या फोटोवर मी पुण्याला कसा जाऊ?"

तो फोटो घेऊन कामथडीला गेला आणि पंचांतल्या थोरल्या आबांपुढं ठेवला. आबांनी फोटो पाहिला, मिशीवरून हात फिरवला आणि निकाल दिला. कुस्ती पंधरा दिवसांनी गुंजवण्याच्या जत्रेत पुन्हा लागेल. तोवर हा फोटो कुठं द्यायचा नाही. "आन् फोटूवाल्यानं तोंडाला उपरनं बांधून बसायचं!"

संपादक काही पंधरा दिवस थांबले नाहीत. दुसरा माणूस नेमल्याचं त्यांचं कार्ड आलं. माझी इच्छा पुरी झाली होती. धाकटा खुंटीला लटकला.

गुंजवण्याहून सावळाराम परत आला तो उपरणं गळ्यात तसंच ठेवून. "पुन्हा पडला गं," तो म्हणाला. "मीच त्याचं मन मोडलं."

त्या दिवसापासून 'हलू नका' हे शब्द त्याच्या तोंडातून नाहीसे झाले. फोटोच्या वेळी तो नुसता हात वर करी. हातानं कोण ऐकतं? लोक हलत, प्लेटा बिघडत. एका नवरीला तर दोन नाकं आली. मला माझा माणूस मिळाला होता, पण मुका. ज्या शब्दाचा मला एवढा तोरा होता, तो माझ्याच मत्सरापायी गेला असं मला वाटू लागलं. मी काही केलं नव्हतं, पण मनात धरलं होतं ना!

महिन्याभरानं सोजराबाई आणि हैबती माडी चढून आले. हैबतीच्या डोक्याला साधंच मुंडासं होतं.

"आमचा मायलेकांचा फोटू काढा, अण्णा," तो म्हणाला.

सावळाराम खाली पाहत म्हणाला, "माझ्यामुळं दोनदा पडलास रे."

"छ्या! पहिल्यांदा तुमच्यामुळं पडलो. दुसऱ्यांदा लई हललो, समदं डाव लावलं, तरीबी पडलो. मानसिंग भारीच हाय. त्ये माझं पडनं हाय, अण्णा, तुमी कशाला घेता?"

सोजराबाई खुर्चीवर बसली. हैबती मागं उभा राहिला. सावळारामनं प्लेट सरकवली, झाकणाला हात लावला आणि दुसरा हात वर केला.

"हात नगं," हैबती म्हणाला. "म्हना की."

सावळारामनं वर केलेला हात खाली घेतला. मग माडीभर आवाज घुमला, "हलू नका!"

दोघं दगडासारखी थांबली. एक, दोन, तीन, चार, पाच. एवढी स्वच्छ प्लेट माझ्या हातून पुन्हा झाली नाही.

पुढच्या जत्रेला सावळारामनं धाकट्याला खुंटीवरून काढलं, ओठ घट्ट मिटले आणि निघाला. दोन वर्षांनी त्या साप्ताहिकानं त्याला बोलावलंही. तो पुण्याला गेला आणि मी कपाटात. मी हेवा सोडला असं सांगितलं तर ते खोटं होईल. धाकट्यानं किती मैदानं पाहिली असतील, या विचारानं अजून माझा भाता आवळतो. पण आता त्याचं वाईट व्हावं असं मनात येत नाही.

तेव्हा मित्रांनो, घरात नवं आणलंत तर खुशाल गळ्यात घाला. जुन्याच्या डोक्यावर मात्र कपडे ठेवू नका. कधी माडीवर आलात तर माझ्या भिंगावरची धूळ पुसा, आणि पुसताना मला एकदा 'हलू नका' म्हणा. खूप दिवसांत कुणी म्हटलेलं नाही.