जहाज न आलेला महिना

आमच्या तिकीट मंडळात मला सगळे 'तळटीप' म्हणत. हे नाव घड्याळ्यानं पाडलं होतं. कुणाचंही तिकीट तपासून झालं की मी एका चिठ्ठीवर माझं मत लिहायचो आणि खाली एक ओळ हमखास जोडायचो : 'तपासणाऱ्याची चूक होऊ शकते.' घड्याळ्या म्हणायचा, "याचं लग्न राहिलं ते उगाच नाही. मुलीकडच्यांना होकार कळवला आणि खाली तीच ओळ लिहिली." सगळे हसायचे. मीही हसायचो, कारण खरं कारण याहून फार वेगळं नव्हतं.

घड्याळ्याचं चौकाच्या तोंडाशी घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. मी छापखान्यात मुद्रितं तपासायचो. दोघांनाही भिंगातून बघायची सवय, म्हणून जमलं असावं. दर रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत मंडळ भरायचं. परक्या राजवटीतली जुनी टपाल तिकिटं हा आमचा विषय, आणि त्यातल्या नकला ओळखणं हा माझा.

मंडळाचा एक नियम मीच सुचवलेला होता. कुणाचं तिकीट नकली निघालं, तर त्यानं स्वतःच्या हातानं त्याच्या पाठीवर 'बनावट' असा जांभळा शिक्का मारायचा. शाई कधीच न जाणारी. आपल्यामागे मुलाबाळांनी ते खरं म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये, एवढाच हेतू. या नियमाचा मला अभिमान होता. माझ्या हातून फारशा गोष्टी घडल्या नाहीत, त्यातली ही एक.

त्या रविवारी घड्याळ्यानं स्क्रू ठेवायची एक चपटी डबी आणली. आत कापसावर एक हिरवं तिकीट होतं, राजाचं डोकं असलेलं.

"इतकी वर्षं दाखवलं नाहीस ते?" मी म्हटलं.

"बाबांचं आहे. त्यांनी जाताना दिलं. आता मलाही वय झालं, म्हटलं एकदा तुझी चिठ्ठी असू दे सोबत."

त्याचे वडील टपाल कचेरीत खिडकीवर बसायचे. ते गेले तेव्हा घड्याळ्या सतरा वर्षांचा होता. त्यांच्याबद्दल बोलताना पन्नाशी उलटलेला हा माणूस एकदम लहान व्हायचा. तिकिटाची गोष्टही त्यानं तशीच सांगितली. एका महिन्यात तिकिटं घेऊन येणारं जहाज आलंच नाही. कचेरीतली तिकिटं संपली. मग साहेबानं कुठून तरी छापून आणवली. घाईत छापलेली, रंग ओला. "बाबा म्हणायचे, महिनाभर माझी बोटं हिरवी होती. जेवतानासुद्धा. शेवटचं एक उरलं ते त्यांनी स्वतःसाठी विकत घेतलं."

मी ऐकत होतो, म्हणजे मान हलवत होतो. माझं लक्ष तिकिटावर होतं.

या मालिकेची खरी तिकिटं राजाच्या देशात धातूच्या ठशावर कोरून छापलेली असायची. तिरप्या उजेडात धरली की शाईची रेघ उठून दिसते, नखाला हलकी लागते. हे तिकीट गुळगुळीत होतं, दगडावरून छापल्यासारखं. नकला करणारे दगडच वापरत. माझ्या वहीत याच तिकिटाच्या तीन वेगवेगळ्या नकला होत्या. हे त्यातल्या एकीशीही जुळेना. इथं मी थांबायला हवं होतं. मी मनात म्हटलं, नकला करणारा चौथाही कुणी असेल.

"नकली आहे," मी म्हणालो.

"पुन्हा एकदा बघ ना."

"दोनदा बघितलं."

मी चिठ्ठी लिहून दिली. त्यानं ती वाचली, उलटी करून मागची बाजू बघितली.

"आज खाली ओळ नाही?"

"आज गरज नाही," मी म्हणालो.

आयुष्यभर ज्याला स्वतःच्या सहीची खात्री वाटली नाही, त्याला त्या दिवशी खात्री वाटली, आणि खरं सांगायचं तर ती फार आवडली. इतर मंडळी बघत होती. घड्याळ्यानं शिक्का मागून घेतला, तिकीट पालथं केलं आणि मारला. वाळावा म्हणून फुंकर घातली. मग डबीत ठेवून म्हणाला, "बाबा गोष्टी मात्र छान सांगायचे."

दोन महिन्यांत त्याचं मंडळात येणं बंद झालं. डोळे दुखतात, असा निरोप आला. मी विचारायला गेलो नाही. काय विचारणार? त्याच्या दुकानावरून जायचं टाळायला मी पलीकडच्या फुटपाथनं जाऊ लागलो. अशी अकरा वर्षं गेली. तीन वर्षांपूर्वी तो वारला. मी गेलो होतो, सगळ्यांच्या मागे उभा राहून परत आलो.

गेल्या महिन्यात संग्राहकांच्या त्रैमासिकाचा अंक आला. त्यात कुणीतरी दफ्तरखान्यातली जुनी सरकारी पत्रं छापली होती. जहाज वादळात अडकलं. नकाशाखात्याच्या छापखान्यात दगडावरून हिरव्या तिकिटांचे थोडे कागद छापून तीन कचेऱ्यांना दिले. कचेऱ्यांच्या नावांत तिसरं नाव घड्याळ्याच्या वडिलांच्या कचेरीचं होतं. पुढे एका पत्रात तक्रार होती, 'शाई कच्ची असून हाताळणाऱ्याच्या बोटांस लागते.' लेखाच्या शेवटी लिहिलं होतं, या छपाईतलं एकही तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही.

मी तो अंक बंद करून ठेवला. पुन्हा उघडला. चार दिवस तेच चाललं. पाचव्या दिवशी घड्याळ्याच्या घरी, वहिनींकडे गेलो.

त्यांनी दार उघडलं आणि क्षणभर बघत राहिल्या. "या भावजी. वाट चुकलात?"

"नाही."

"तसं नाही हो. तुम्ही पलीकडच्या फुटपाथनं जाता ना, म्हणून म्हटलं."

मी दारातच थांबलो. "तुम्हाला कसं माहीत?"

"हे दुकानातून बघायचे. घरी येऊन सांगायचे, आज तळटीप छत्री घेऊन गेला, आज खोकत होता." त्यांनी खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं. "बसा."

मी बसलो आणि आणलेला अंक उघडून जमेल तसं सांगितलं. मध्येच वाक्यं सुटत होती. त्यांनी मला अडवलं नाही. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे मामंजी खरं बोलत होते."

"हो."

"अगदी खरं?"

"शब्दन् शब्द."

त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, आता येणार नाहीत. आल्या तेव्हा हातात ती चपटी डबी होती. माझी चिठ्ठीही आतच होती, घडीवर पिवळी पडलेली. तिकीट मी चिमट्यानं उचललं. जांभळी शाई कागदात मुरून पुढे आली होती. राजाच्या कपाळावर 'बनावट' उलटं वाचता येत होतं.

"धुऊन निघेल का?" वहिनींनी विचारलं.

"नाही. न निघणारीच शाई मी निवडली होती."

त्या म्हणाल्या, "त्या रविवारी घरी आले ते बूट न काढताच. मामंजींचा फोटो भिंतीवरून उतरवला. मला म्हणाले, जत्रेत घेतलेला कागद देऊन बाबांनी मला वेड्यात काढलं, आणि मरताना काढलं. मी म्हटलं, अहो, एवढ्याशा चिटोऱ्यावरून माणूस खोटा ठरतो का? आणि तुमच्या मित्राचंही चुकू शकतं. तर मला ही चिठ्ठी दाखवली. म्हणाले, बघ, आज त्यानं खाली ओळ लिहिली नाही."

मी चिठ्ठीकडे बघत राहिलो. अक्षर माझंच होतं, नेहमीपेक्षा सुबक.

"नंतर कधी वडिलांचं नाव काढायचा?"

"नाही. आधी ऊठसूट बाबा, बाबा. नंतर कधीच नाही. शेवटी दवाखान्यातसुद्धा नाही." त्यांनी पदरानं डबीचं झाकण पुसलं. "तुमच्याबद्दल वाईट बोलले नाहीत हो. म्हणायचे, त्याला सांगणं किती जड गेलं असेल."

मला जड गेलं नव्हतं. हे मी वहिनींना सांगायला तोंड उघडलं, आणि सांगितलं नाही.

"फोटो माळ्यावर आहे," त्या म्हणाल्या. "माझ्यानं चढवत नाही."

मी स्टुलावर चढलो. त्यांनी खालून स्टूल धरलं आणि म्हणाल्या, "पडू नका, दोन म्हातारी माणसं कोण उचलणार?" जुन्या गाद्यांच्या मागे फोटो होता, भिंतीकडे तोंड करून. खाली आणून पुसला. खिडकीमागे बसलेला एक बारीक तरुण माणूस. उजवा हात समोरच्या फळीवर, बोटं पसरलेली. फोटो काळापांढरा असल्यामुळे बोटांवरून काही कळत नव्हतं.

खिळा रंगाच्या वेळी काढला होता, म्हणून वहिनींनी फोटो खुर्चीवर टेकवून ठेवला. मग म्हणाल्या, "ते शाईचं वाचा ना एकदा."

मी वाचलं. शाई कच्ची असून हाताळणाऱ्याच्या बोटांस लागते.

"पुन्हा."

मी पुन्हा वाचलं. त्या फोटोकडे बघत रडत होत्या, आवाज न करता. बऱ्याच वेळानं मी खिशातून पेन काढलं आणि चिठ्ठी पुढे ओढली. खाली ओळीपुरती जागा होती. वहिनींनी चिठ्ठीवर हात ठेवला.

"आता लिहून कुणाला दाखवणार?"

त्यांनी चिठ्ठी घडी करून डबीत ठेवली, तिकिटावरच, आणि झाकण लावलं.

परतताना मी अलीकडच्या फुटपाथनं गेलो. दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात. काच तीच आहे. मी तिच्यासमोरून सावकाश गेलो, थोडा खोकलोही. आतल्या बाईनं मान वर केली, गिऱ्हाईक नाही म्हणून पुन्हा खाली घातली.